रंगपेटी कोणत्या रकान्यात लिहायची?



आमच्या गावच्या शाळेत पालकसभा होती. तालुक्याच्या गावाहून एक सुशिक्षित पाहुणे आले होते. त्यांनी तासभर भाषण केले. मुलांना वेळ द्या, त्यांच्याबरोबर बसून चित्रे काढा, माती कालवा, गाणी म्हणा. त्यातून आईबाप आणि लेकरांची गाठ पक्की होते, लेकराची बुद्धी खुलते. नुसते पुस्तक पुस्तक करू नका. पाहुणे मनापासून बोलत होते आणि बोलले ते खोटे नव्हते. शेवटी मात्र ते म्हणाले, "ग्रामीण पालकांमध्ये याची जाणीवच नाही."

सभा मार्च महिन्यात, शनिवारी सकाळी अकराला होती. उन्हाळ कांद्याची काढणी सुरू झालेली. शंभरावर पालकांपैकी चौदा जण आले होते आणि त्यातले नऊ आजोबा होते. ज्यांना जाणीव नाही असे पाहुणे म्हणत होते, ते सगळे वावरात होते. मी चौदांतला एक होतो. मला उठून उत्तर द्यायचे होते. पण उठलो नाही, कारण आदल्या वर्षीची एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली होती. ती आज सांगतो. ती सांगितल्याशिवाय या विषयावर लिहिण्याचा मला अधिकार नाही.

पट्टीच्या पाठीमागचे चित्र

२०२३ चा फेब्रुवारी-मार्च कोणताही कांदावाला विसरणार नाही. लाल कांद्याचे भाव असे कोसळले की काढणी आणि वाहतूकही सुटेना. त्याच फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरला ५१२ किलो कांदा विकला आणि खर्च वजा जाता त्याच्या हातात २ रुपयांचा धनादेश पडला, ही बातमी देशभर गाजली. मी तीन खेपांत ६२ क्विंटल विकला. भाव लागला ४२० ते ६१० रुपये.

पुढे सरकारने १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या लाल कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये, जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत, अनुदान जाहीर केले. एप्रिलमध्ये अर्ज घ्यायला सुरुवात झाली. अर्जाला सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी होती आणि विक्रीची मूळ पट्टी हवी होती. मी कपाटातून तीन पट्ट्या काढल्या. त्यातल्या एकीच्या पाठीमागे माझ्या धाकटीने चित्र काढलेले होते.

ती तेव्हा चौथीत होती. निळ्या बॉलपेनने ट्रॅक्टर काढला होता, मागे ट्रॉली, ट्रॉलीत कांद्याचा ढीग. रंग तर घरात नव्हते. तिने कांद्याची टरफले भिजवून त्याचे तांबूस पाणी ढिगावर फिरवले होते आणि पात चुरडून बांधावर हिरवे केले होते. कागद भिजून सुरकुतला होता आणि ते पाणी पुढच्या बाजूला आकड्यांपर्यंत उतरले होते. मी चित्र पाहिले नाही. मी फक्त डाग पाहिला. ६२ क्विंटलचे २१ हजार ७०० रुपये डोळ्यांपुढून गेले आणि मी लेकराच्या पाठीत धपाटा घातला.

दुसऱ्या दिवशी अर्ज द्यायला गेलो. कारकुनाने पट्टी उलटसुलट करून पाहिली, आकडे वाचता येत होते, नंबर दिसत होता, त्याने शिक्का मारून घेतली. एक शब्द बोलला नाही. अनुदान हप्त्याहप्त्याने का होईना, जमा झाले. म्हणजे नुकसान काहीच नव्हते.

घरी आल्यावर बायको एवढेच म्हणाली, "ट्रॉलीवर तुम्हालाच काढलं होतं तिनं. आणि शेजारी स्वतःला. पाहिलं का तरी?"

मी पाहिले नव्हते. त्या खेपेला बाजारात यायचे म्हणून ती मागे लागली होती आणि मी तिला नेले नव्हते. कागदावर ती माझ्या शेजारी बसून आली होती. ती पट्टी आता सरकारी दप्तरात आहे, ती मला परत मिळायची नाही. धाकटी आता हायस्कुलात जाते. तिच्या वह्यांच्या मागच्या पानांवर चित्रे असतात हे मला ठाऊक आहे. मी खोलीत गेलो की वही मिटते.

दोन अर्धी उत्तरे

या प्रकाराला दोन उत्तरे देता येतात. पाहुणे म्हणतील, बापाला जाणीव नव्हती. आपले कार्यकर्ते म्हणतील, भाव पडला होता म्हणून हात उठला. पहिल्या उत्तरात शेतकऱ्याचा खिसा दिसत नाही, आणि दुसऱ्यात त्याचा हात दिसत नाही. दोन्ही नीट तपासून पाहू.

आधी खिसा. सरकारच्याच राष्ट्रीय नमुना पाहणीने जुलै २०१८ ते जून २०१९ या वर्षाचे आकडे दिले आहेत. देशातल्या शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये. त्यात पिकातून मिळणारे ३,७९८ आणि मजुरी-पगारातून मिळणारे ४,०६३. ज्याला आपण शेतकरी म्हणतो त्याच्या घरात पिकापेक्षा मजुरीचा पैसा जास्त येतो, असे हे आकडे सांगतात. पिकाच्या पैशाला ३० ने भागा. दिवसाला सव्वाशे रुपये, तेही एका माणसाला नव्हे, सगळ्या घराला. ही सरासरी आहे. कोरडवाहू दोन एकरवाल्याचे काय होत असेल ते त्यालाच माहीत.

या सव्वाशात रंगपेटी बसत नाही असे मी म्हणणार नाही. वर्षातून एकदा दोन-तीनशे रुपयांची वस्तू कोणीही आणू शकतो, आणि आपण आणतोही. जत्रेत प्लास्टिकची मोटार आणतोच. उत्पन्न तोकडे असले की कमी पडते ते दुसरेच काही. शेतात मजूर लावणे परवडत नाही म्हणून आई स्वतः निंदायला जाते. शेतातून आल्यावर दूध, शेणघाण, स्वयंपाक. बाप रात्री पाणी द्यायला जातो, कारण शेतीची वीज येते ती अनेकदा रात्रीच. लेकराबरोबर बसायचे तास असे एकेक करून पिकात जातात.

आता दर ठरवणाऱ्यांचा हिशेब पाहा. कृषी खर्च आणि मूल्य आयोग पिकाचा उत्पादनखर्च काढतो. बियाणे, खत, औषध, लावलेली मजुरी हे एका रकान्यात. घरच्या माणसांचे श्रम दुसऱ्या रकान्यात, त्यांची मजुरी धरून. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज तिसऱ्या रकान्यात. हे रकाने कागदावर यावेत आणि आले तर पुरेसे यावेत म्हणून आपण किती भांडलो हे इथे सांगायला नको. कांद्याला तर हमीभावाच्या यादीतही जागा नाही. पण सगळे रकाने न्यायाने भरले तरी आई जे तास लेकराजवळ असायला हवी होती आणि नव्हती, त्या तासांचा रकाना कुठेच नाही. तिच्या निंदणीची मजुरी धरली जाईल. त्या वेळी दोरीच्या झोळीत एकटे पडलेल्या पोराचे काय धरायचे?

याचे टोक पाहायचे असेल तर बीडकडच्या ऊसतोडणी कामगारांकडे पाहा. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे नावही माणसाचे नाही. त्या जोडीला 'कोयता' म्हणतात. उचल घेतली की दिवाळीच्या आगेमागे निघायचे ते उन्हाळ्याच्या तोंडावर परतायचे. लेकरू बरोबर नेले तर शाळा सुटते आणि ते फडात वाढे गोळा करते. मागे ठेवले तर हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहते आणि वर्षातले पाच-सहा महिने आईबाप फोनवर. यातले बरेच जण कोरडवाहू जमिनीचे मालकच आहेत. पीक पोसत नाही म्हणून कोयता हाती घेतलेला आहे. त्यांना 'मुलांबरोबर बसून चित्रे काढा' असे सांगणाऱ्याने आधी फडावर एक रात्र काढावी.

पूर्वी पैसा लागत नव्हता

कोणी विचारील, पूर्वी काय शेतकरी श्रीमंत होता? नव्हता. तरी लेकरांच्या हातांत कला होती, ती कुठून आली?

ती शेतातूनच आली. आम्ही ज्वारीच्या धांड्यांच्या बैलगाड्या केल्या. साल काढून त्याचे खिळे, आतल्या भेंडाची चाके. पोळ्याला ओढ्याची चिकणमाती आणून बैल केले, त्यांना ज्वारीच्या दाण्यांचे डोळे लावले. दसऱ्याच्या आधी मुली हादग्याची, भुलाबाईची गाणी म्हणत घरोघर हिंडायच्या. आजी जुनी लुगडी जोडून गोधडी शिवायची आणि नात तिला सुईत दोरा ओवून द्यायची. कोणता तुकडा कुठे लावायचा यावर दोघींची भांडणे व्हायची. डहाणू-तलासरीकडच्या वारली घरांत लग्नाचा चौक सवाशिणी भिंतीवर लिहायच्या, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने. त्याच भिंतीवरची कला जिव्या सोमा मशे यांनी कागदावर आणली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गरिबाच्या घरात कला नसते असे म्हणणाऱ्याने त्या भिंती पाहाव्यात.

या सगळ्यात एक गोष्ट सारखी होती. मोठी माणसे आणि लेकरे एकाच कामात असायची. वेगळा 'वेळ द्यावा' लागत नव्हता. माती फुकट होती, धांडे फुकट होते आणि बाप बैल धूत असताना पोरगा शेजारी मातीचा बैल करत होता.

आता ज्वारी गेली आणि तिच्या जागी सोयाबीन, मका, कांदा आला. सोयाबीनच्या कुटाराची बैलगाडी होत नाही. गोठ्यात बैल नाही. पोळ्याला बाजारातून रंगवलेली बैलजोडी विकत आणायची. नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला पोरे लाकडी बैल मिरवतात. तिथेही कोणाचा नंदी केवढा यावर घरची ऐपत कळते. शाळेच्या गॅदरिंगला भाड्याचा ड्रेस लागतो. चित्रकलेच्या स्पर्धेला विकतचा कागद, विकतचे रंग, प्रवेश फी. कला कामाच्या पोटात होती ती दुकानात गेली. म्हणून आज उत्पन्नाचा प्रश्न लेकराच्या चित्राला पूर्वीपेक्षा जास्त येऊन भिडतो. आपले आजोबा पैशावाचून जे देऊ शकले, ते आपल्याला विकत घ्यावे लागते, आणि गॅदरिंग येते ते नेमके लाल कांदा बाजारात असताना. भाव पडला की सगळ्यात आधी काय काटले जाते? खताचे पोते काटता येत नाही. सोसायटीचा हप्ता काटता येत नाही. पोरीचा नाचाचा ड्रेस काटता येतो. ती रडत नाही, "राहू द्या" म्हणते. ते ऐकून घेणे फार जड जाते, हे ज्याने ऐकले आहे त्याला सांगायला नको.

कायद्यातली शंभराची अट

मग शाळेने हे करावे. शाळा सरकारची, पैसा आपल्या करातला. इथेही खेड्यातल्या पोराच्या पानात काय वाढले आहे ते पाहा.

२००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मुलाचा सर्वांगीण विकास व्हावा, त्याने कृतीतून शिकावे असे त्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. पण त्याच कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांचे अंशकालीन निदेशक द्यायचे ते कुठे? जिथे मुलांची संख्या शंभराच्या वर आहे तिथे. वाडीवस्तीवरच्या, लहान गावच्या शाळेत सहावी ते आठवीत शंभर पोरे कुठून आणायची? म्हणजे जिथे घरात रंग नाहीत, जवळपास क्लास नाही, तिथेच चित्रकलेचा माणूस न देण्याची सोय कायद्याने करून ठेवली आहे.

त्याचा पुढचा परिणाम पाहा. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा आहेत. इंटरमीजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. ज्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक आहेत तिथली पोरे परीक्षेला बसतात. ज्या शाळेत नाहीत तिथल्या पोराला त्या परीक्षेचे नावही कळत नाही. पोराच्या हातात कला असून गुण दुसऱ्याच्या पदरात. आपल्या मालाचे जे होते तेच आपल्या पोराचे झाले.

आणि यावर मार्ग नाही असे नाही. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर राहिल्या. परदेशी पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणार नाहीत हे त्यांनी ओळखले आणि शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांतून साधने केली. पोरे बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. पुढे १९५७ साली काम कोसबाडला गेले. तिथली आदिवासी पोरे गुरे राखायला जात, तर त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरवली. तिचे नावच कुरणशाळा. पालकांना जाणीव नाही असे सांगत त्या दोघी हिंडल्या नाहीत. पोराच्या घरचे काम बुडवायचे नाही आणि पोराचे बालपणही बुडवायचे नाही, एवढे धरून त्यांनी वाट काढली. पाहुण्यांनी आमच्या सभेत हे सांगितले असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

आता आपला हात

इथपर्यंत वाचून कार्यकर्ता खूश होईल. भाव नाही, वीज नाही, शिक्षक नाही. आपला दोष शून्य. पण मी धपाटा घातला त्या दिवशी तो हात माझा होता, सरकारचा नव्हता.

भाव मिळाला की सगळे आपोआप होईल असे आपण समजतो. मी चांगल्या भावाची वर्षेही पाहिली आहेत. ज्या वर्षी कांद्याने हात दिला त्या वर्षी कितीजणांनी पोराबरोबर बसण्याचा एक तास विकत घेतला? मोटारसायकल आली, बंगल्याचा स्लॅब पडला, पोराला सकाळी सहाच्या ट्यूशनला घातले. रडणाऱ्या लहानग्याच्या हातात मोबाइल दिला. पैसा आला आणि लेकरू आणखी दूर गेले, असेही घडले आहे. उत्पन्नाशिवाय हा प्रश्न सुटत नाही हे जितके खरे, तितकेच उत्पन्नाने तो आपोआप सुटत नाही हेही खरे.

"चित्रं काढून पोट भरतंय का?" हे वाक्य आपल्या प्रत्येक घरात आहे. शेती करूनही पोट भरत नाही, म्हणून तर आपण रस्त्यावर बसलो. मग पोट भरण्याची कसोटी एकट्या पोराच्या चित्राला का लावायची? आणि पोरीला तर दुप्पट. मुलगा चित्र काढत बसला तर निदान 'अभ्यास कर' म्हणतो. मुलगी बसली तर 'भांडी पडलीत' म्हणतो.

काहीजण म्हणतील, घरोघर कर्जाचा फास आहे आणि हा गडी चित्रांवर लिहितो. त्यांना माझे सांगणे असे. माणूस फास घेतो तेव्हा त्याला कर्जाचा आकडा दिसतो, लेकराचा चेहरा दिसत नाही. मलाही त्या दिवशी आकडाच दिसला होता. आकड्यापलीकडे काही दिसत राहावे यासाठी घरात जी एक-दोन कारणे लागतात, त्यांत लेकराचा हा कागद येतो. चित्राने कर्ज फिटत नाही. पण ज्या घरात बाप लेकराच्या शेजारी रोज थोडा वेळ बसतो, त्या घरात बापाला काय टोचते आहे हे निदान कोणालातरी कळते.

जिल्हा बैठकीपुढे

म्हणून बैठकीपुढे चार गोष्टी ठेवतो.

पहिली, शंभर मुलांची अट काढून टाकावी. लहान शाळांच्या गटाला मिळून एक कला निदेशक द्यावा, त्याने आठवड्यातले दिवस वाटून घ्यावेत. हा ठराव बैठकीने करावा आणि जिल्हा परिषदेला व शिक्षणमंत्र्यांना पाठवावा.

दुसरी, पालकसभा आणि गॅदरिंगच्या तारखा गावच्या पीकपाण्याला धरून ठरवाव्यात. शाळा व्यवस्थापन समितीत आपलीच माणसे असतात. हे करायला कोणाची परवानगी लागत नाही. भाड्याच्या ड्रेसऐवजी घरात आहे त्या लुगड्या-धोतरांत नाच बसवा, असे शिक्षकांना सांगावे. बहुतेक शिक्षक शेतकऱ्याचीच पोरे आहेत, ऐकतील.

तिसरी, प्रत्येकाने आपल्या घरात करायची. घरात ज्या खिळ्याला पट्ट्या आणि बिले टोचता, त्याच्या शेजारी दुसरा एक खिळा ठोका. तो लेकराच्या कागदांचा. महिन्यातून एकदा ते सगळे खाली काढून त्याच्याबरोबर बसून पाहायचे. चित्र चांगले की वाईट ते सांगायचे नाही. "हे काय काढलंस?" एवढे विचारायचे आणि उत्तर संपेपर्यंत उठायचे नाही.

चौथी, या बैठकीपासूनच सुरू करायची. दर बैठकीला आपण फ्लेक्स छापतो आणि त्यावर आपलेच फोटो लावतो. पुढच्या बैठकीला फ्लेक्स नको. मायबहिणी बैठकीला येतात तेव्हा लेकरे बरोबर असतातच; ती मंडपाच्या कडेला कंटाळून माती उकरत बसतात. त्यांना चार हात कापड, गेरू, चुना आणि नीळ द्या. 'शेतकरी बैठक' ही अक्षरे त्यांनी काढावीत. वेलांटी चुकली तर चुकू द्या, तोच फलक व्यासपीठाच्या मागे लावा.

मी धाकटीला विचारले आहे, येतेस का म्हणून. अजून हो म्हणाली नाही. "ट्रॅक्टरवर बसून जायचं का?" एवढे मात्र विचारले.